अनुभव धागा: रविवारची मिस्सा (चर्चमधली उपासना), घरची कामं आणि अंगणात तंबू

अंगणातली_बाज
माळा आवरताना तंबूची पिशवी उघडली आणि तो चिकट, आंबूस वास आला. नाताळच्या आधीचे रविवार आठवले. चर्चहून आल्यावर गाद्या उन्हात, अंगणात पोपटीचं मडकं (वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी मडक्यात घालून जाळावर भाजायची), रात्री सगळी पोरं तंबूत. ठाणे-नवी मुंबईत अजून ज्यांच्याकडे अंगण किंवा गच्ची आहे त्यांनी लिहा, हे तिन्ही एका दिवसात कसं बसवता. वेळा, मापं, काय फसतं, सगळं हवंय.

सुरुवात त्या वासापासूनच. तंबूच्या कापडाला आतून पाणी अडवणारा लेप असतो. ओला तंबू घडी करून ठेवला की तो सुटतो आणि चिकटतो, मग परत बसत नाही. सोमवारी सकाळी दवाने भिजलेला तंबू पिशवीत कोंबू नका. शाळेची घाई असेल तर तसाच उलटा करून दोरीवर टाका, संध्याकाळी घडी घाला. मशीनमध्ये तर कधीच नाही.

खाडीकाठ
दिवस उन्हावर मोजायचा. डिसेंबरात सातच्या सुमारास उजाडतं आणि सहाला सूर्य बुडतो. ब्लँकेटं मिस्सेला निघायच्या आधी मशीनला लावा. वाळत घालताना दोन दोऱ्यांवर, मध्ये हातभर अंतर ठेवून पसरली की आतून वारा खेळतो, चारपर्यंत कोरडी. एकाच दोरीवर दुमडून टाकली की घडीत ओल राहते आणि रात्री पांघरायला काही नाही. जाड रजई त्या दिवशी भिजवूच नका, नुसतं ऊन द्या.

तलावपाळीकर
ठाण्याच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चला जाणाऱ्यांनी गाडी काढू नका, मासुंदा तलावाभोवती रविवारी गाडी लावायची मारामार. रिक्षाने जा. येताना जांभळी नाक्यावर भाजी आणि केळीची पानं घ्या, म्हणजे परत बाहेर पडायला नको. आणि पोरांच्या नाश्त्याचं: ख्रिस्तप्रसादाआधीचा (मिस्सेत मिळणाऱ्या पवित्र भाकरीआधीचा) एक तासाचा उपवास ख्रिस्तप्रसाद घेण्याच्या वेळेपासून मागे मोजायचा, मिस्सा सुरू होण्यापासून नव्हे. पाणी आणि औषध चालतं. घरी खाऊन निघाली तर बसतं, चर्चच्या दारात बिस्किटं नकोत.

निळी_छत्री
शनिवार संध्याकाळची मिस्सा रविवारचीच धरली जाते हे बरेच जण विसरतात. घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर एकाने शनिवारी जायचं, दुसऱ्याने रविवारी.

अंगणातली_बाज
@निळी_छत्री हे फार उपयोगाचं ताई. असे किती जण दोन्हीकडे ओढले जातात.

पनवेलची_शेंग
पोपटी!! कुणी नीट लिहिणार की नाही? सहा जणांना: वालाच्या शेंगा २ किलो, छोटे बटाटे ६, अंडी ६, मसाला लावलेलं चिकन अर्धा किलो केळीच्या पानात बांधून, भामुर्ड्याचा (वासाच्या रानझुडपाचा) पाला दोन्ही हातांत मावेल एवढा. जाडं मीठ ४ चमचे, ओवा २ चमचे. पाणी अजिबात नाही. मडकं घेताना बोटाने वाजवून बघा, खणखणीत वाजलं पाहिजे. बद्द आवाज आला म्हणजे चीर आहे, आगीत फुटणार.

बुडाला पाला, मग शेंगा आणि बटाटे, मीठ-ओवा भुरभुरवत. अंडी आणि चिकन मधोमध. वर परत शेंगा, तोंडाशी पाला गच्च दाबायचा. मडकं उपडं ठेवून भोवती काटक्या, पेंढा, नारळाच्या झावळ्या. ३० ते ४० मिनिटं. झालं का हे बघायला वर पाण्याचा हबका मारा, चर्र होऊन पाणी लगेच उडालं की काढा. शेंगा धुतल्या असतील तर पूर्ण निथळू द्या, ओल्या टाकल्या की भाजायच्याऐवजी उकडतात आणि चव जाते. लोक इथेच चुकतात.

गच्चीवरचा_वारा
पेव्हर ब्लॉकवर थेट जाळ करू नका, तडकतात. खाली चार बोटं वाळूचा थर द्या.

शेजारीण
आमच्या सोसायटीत जाळ करायला बंदी. गॅसवर होते का?

पनवेलची_शेंग
@शेजारीण होते. जाड बुडाचं पातेलं, तळाला पाला, झाकणाच्या कडेला कणीक लावून बंद, अगदी मंद आचेवर ३५-४० मिनिटं. धुराचा वास येत नाही, ओवा आणि भामुर्डा मात्र पुरेपूर लागतो. पाला पनवेल-उरणकडे शेताच्या बांधावर मिळतो, थंडीतच.

गच्चीवरचा_वारा
तंबूचं लिहितो. ‘४ माणसांचा’ म्हणजे मोठी दोन आणि लहान दोन, सामान बाहेर. खालची ताडपत्री तंबूच्या बुडापेक्षा सगळीकडून दोन बोटं लहान हवी. बाहेर राहिली की दव तिच्यावर साचून थेट पाठीखाली येतं. काठी कापडाच्या बोगद्यातून ढकलायची, ओढायची नाही. ओढली की सांधे सुटतात, आणि अर्धवट बसलेल्या सांध्यावर वाकवली की फायबर तिथेच उभं चिरतं. चिरलं तर वर धातूच्या नळीचा तुकडा आणि चिकटपट्टी, रात्र निघते.

गच्चीवर खुंट्या ठोकता येत नाहीत. चार कोपऱ्यांना ५ लिटरचे पाणी भरलेले कॅन बांधा. वारा असेल तर कॅन पुरत नाहीत, वाळूच्या १० किलोच्या पिशव्या लागतात. वरच्या जाळ्या उघड्या ठेवा. बंद केल्या की श्वासाची वाफ आतून थेंबथेंब गळते आणि लोकांना वाटतं तंबू गळका आहे.

मोगरा_ठाणे
बाज आणि तंबू यात मी बाजेच्या बाजूने 🙂 आभाळ दिसतं.

येऊरपायथा
@मोगरा_ठाणे बाज असेल तर मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी खोचून. जमिनीवर उघड्यावर झोपू नका हे हात जोडून सांगतो. मण्यार साप रात्री फिरतो, झोपलेल्याला चावतो, बरेचदा दुखतही नाही आणि खूण दिसत नाही. सकाळी पोटात दुखणं, पापण्या जड होणं अशी लक्षणं दिसली की थेट मोठं हॉस्पिटल, १०८ ला फोन. बांधणं, कापणं, चोखणं नाही. तंबूची चेन सतत बंद, चपला आत, रात्री उठताना टॉर्च. येऊर आणि घोडबंदरकडच्यांनी उष्टं-खरकटं बाहेर ठेवू नका, कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. साप किंवा बिबट्या दिसला तर वनविभाग १९२६.

आणि तंबूत डासांची कॉइल किंवा शेगडी नको. कोळशाचा वायू झोपेत कळत नाही.

खाडीकाठ
👆 हे सगळ्यांनी वाचा.

बॉटल_मसाला
संध्याकाळी पोपटीसोबत फुगे (आंबवलेल्या मैद्याचे तळलेले गोळे) कुणी करतं का? मैदा अर्धा किलो, कोरडं यीस्ट १ चमचा, साखर १ चमचा, अंडं १, कोमट नारळाचं दूध साधारण दीड कप, मीठ. पीठ सैल, मुठीतून पिळता येईल असं. दोन तास उबेला. दुपारी दोनला भिजवलं की चार वाजता तळायला तयार. हात पाण्यात बुडवून मुठीतून गोळा काढा, मध्यम आच. तेल फार तापलं की वरून लाल, आत कच्चे.

शेजारीण
पूर्वी ताडी घालत ना, यीस्टऐवजी?

बॉटल_मसाला
@शेजारीण हो, ताडीने गोडसर आंबूस चव येते. ताजी हवी, दुपारपर्यंत ती फार आंबते.

निळी_छत्री
आगमनकाळाच्या (नाताळआधीच्या चार रविवारांच्या) मेणबत्त्यांच्या चक्रात या रविवारी गुलाबी मेणबत्ती ना?

तलावपाळीकर
हो ताई, तिसरा रविवार. बाकी तीन जांभळ्या.

मोगरा_ठाणे
नाताळच्या देखाव्यातल्या गोठ्यासाठी पेंढा कुठे मिळेल? पोपटीवाल्यांकडे उरला असेल तर कळवा.