सर्पदंशावरील नव्या संशोधनाच्या बातम्या: आपल्याकडच्या सापांना ते कितपत लागू पडते?

शिवारवाट:

नमस्कार. सर्पदंशाविषयीच्या दोन बातम्यांमुळे मनात काही शंका निर्माण झाल्या आहेत, त्या जाणकारांपुढे मांडतो. पहिली बातमी मे २०२५ ची आहे. अमेरिकेतील टिम फ्रीडे या गृहस्थांनी सुमारे अठरा वर्षे निरनिराळ्या सापांची विषे थोडी थोडी स्वतःला टोचून घेतली होती. त्यांच्या रक्तापासून मिळवलेल्या दोन प्रतिपिंडांना (अँटिबॉडींना, म्हणजे विषाला पकडून निष्प्रभ करणाऱ्या प्रथिनांना) एका औषधाची जोड दिली, तेव्हा एकोणीस जातींच्या सापांच्या विषापासून उंदरांना पूर्ण किंवा अंशतः संरक्षण मिळाले. दुसरी बातमी त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमधली. डेन्मार्कमधील संशोधकांनी अल्पाका आणि लामा या प्राण्यांपासून मिळवलेल्या आठ छोट्या प्रतिपिंडांचे मिश्रण आफ्रिकेतील अठरापैकी सतरा जातींवर उपयोगी ठरले. आमच्या भागातील व्हॉट्सअ‍ॅप गटांवर या बातम्या ‘आता सर्व सापांवर एकच औषध’ अशा रूपात फिरल्या, आणि आरोग्य केंद्रात मिळणारी घोड्याच्या रक्तापासून केलेली लस आता कालबाह्य झाली, असे काही जण बोलू लागले आहेत.

या चर्चेला एक स्थानिक कारणही आहे. पावसाळ्यात आमच्या गावातील एका तरुणाला रात्री झोपेत मण्यार चावली. त्याला दहा व्हायल (कुप्या) लस मिळाली, तरीही पापण्या मिटू लागल्या, श्वास मंदावला आणि पुढचे बरेच दिवस त्याला व्हेंटिलेटरवर ठेवावे लागले. तो वाचला, परंतु लसच निकृष्ट होती असे नातेवाईक आजही ठामपणे सांगतात. लस वेळेवर मिळूनही असे घडू शकते का, आणि वर सांगितलेल्या संशोधनामुळे अशा रुग्णाच्या बाबतीत काही फरक पडला असता का, हे मला समजून घ्यायचे आहे.

जैवरसायन_पुणे:

आपण दिलेले दोन्ही संशोधनांचे तपशील बरोबर आहेत, मात्र व्हॉट्सअ‍ॅपवरचा निष्कर्ष त्यांतून निघत नाही. दोन्ही अभ्यास नागाच्या कुळातील सापांपुरते आहेत. या कुळात नाग, मण्यार, नागराज, आफ्रिकेतील मांबा इत्यादी साप येतात. घोणस आणि फुरसे येत नाहीत. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मृत्युमुखी पडली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला आहे. त्याच अभ्यासात भारतातील दंशांच्या प्रकाशित नोंदींचा आढावा घेतला होता आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा, सुमारे ४३ टक्के, एकट्या घोणशीचा आढळला. ज्या सापाने आपल्याकडे सर्वाधिक हानी होते, त्याच्यावर प्रतिपिंडांची ही मिश्रणे चालतात का, हे या दोन अभ्यासांत तपासलेलेच नाही.

नागाच्या कुळावर आधी यश मिळण्यामागे रेणूंच्या रचनेचे कारण आहे. या सापांच्या विषात तीन बोटांसारखे आकार असलेली लहान प्रथिने असतात. मज्जातंतूकडून आलेला संदेश स्नायू आपल्या पृष्ठभागावरील ज्या ग्राहकावर (रिसेप्टरवर) स्वीकारतो, तिथे ही प्रथिने जाऊन बसतात आणि स्नायू लुळे पडतात. साप आशियातील असो वा आफ्रिकेतील, त्याच्या विषाला बसायची जागा एकच असल्यामुळे या प्रथिनांचा तेवढा भाग फारसा बदलू शकत नाही. नेमका हाच भाग पकडणारे प्रतिपिंड सापडले की ते अनेक जातींवर चालते. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील कार्तिक सुनगर यांचा गट, अमेरिकेतील स्क्रिप्स संस्था आणि लिव्हरपूलची उष्णकटिबंधीय वैद्यक संस्था यांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये असेच एक प्रतिपिंड जाहीर केले. ते प्राण्यापासून मिळवलेले नव्हते. मानवी प्रतिपिंडांच्या प्रयोगशाळेत तयार केलेल्या प्रचंड संग्रहातून ते निवडले होते. त्याची रचना तपासल्यावर ते स्नायूवरील त्या ग्राहकाचीच नक्कल करते, असे दिसून आले. उलट, ही प्रथिने आकाराने इतकी लहान असतात की घोड्याची प्रतिकारशक्ती त्यांची पुरेशी दखल घेत नाही, आणि पारंपरिक लसीची एक जुनी उणीव तिथेच आहे.

घोणशीच्या विषाचे स्वरूप अगदी वेगळे आहे. त्यात मोठमोठ्या एन्झाइमांचा (रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनांचा) भरणा असतो. त्यांपैकी काही रक्त गोठवणाऱ्या घटकांना अकारण कामाला लावून संपवून टाकतात, त्यामुळे रक्त गोठेनासे होते; काही रक्तवाहिन्यांच्या भिंतींना इजा करतात आणि मूत्रपिंडेही निकामी होऊ शकतात. (याच विषातील एक घटक इतका नेमकेपणाने काम करतो की रक्त गोठण्याच्या एका तपासणीत तो प्रयोगशाळांत नित्य वापरला जातो.) शिवाय विषातील घटकांचे हे मिश्रण प्रदेशागणिक बदलते. सुनगर यांच्याच गटाने २०२१ मध्ये भारताच्या निरनिराळ्या भागांतील घोणशींची विषे ताडून पाहिली, तेव्हा त्यांत मोठी तफावत आढळली आणि बाजारातील लस काही भागांतील विषावर अपुरी पडते असे दिसले. इथे सर्वांना समान असा एकच दुखरा बिंदू नाही.

फुरशाबाबत मात्र थोडी आशा आहे. त्याच्या विषातील महत्त्वाच्या एन्झाइमांना काम करण्यासाठी जस्ताचा अणू लागतो. जड धातूंच्या विषबाधेवर पूर्वीपासून दिले जाणारे युनिथायोल हे औषध ते जस्त काढून घेते. केनियामध्ये ६४ निरोगी स्वयंसेवकांवर त्याची सुरक्षितता तपासली गेली आणि निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. दंश झालेल्या रुग्णांवरील परिणाम ही त्यापुढची पायरी आहे.

तालुका_डॉक्टर:

मण्यारीविषयीच्या प्रश्नाचे उत्तर मी देतो, कारण असे रुग्ण दर पावसाळ्यात माझ्याकडे येतात आणि लस बनावट असल्याचा आरोपही त्यांच्यासोबत येतो.

जैवरसायन_पुणे यांनी वर्णन केलेली तीन बोटांची प्रथिने स्नायूच्या बाजूने अडथळा आणतात. नागाच्या दंशात मुख्यतः हेच घडते, म्हणूनच लसीबरोबर निओस्टिग्मिन आणि अॅट्रोपिन ही औषधे दिली की पापण्या उघडू लागतात. मण्यारीच्या विषातील सर्वांत घातक घटक मज्जातंतूच्या टोकावर, म्हणजे संदेश जिथून निघतो तिथे, आघात करतो. तो आत शिरला की ते टोकच खराब होते. लस रक्तात फिरणारे विष निष्प्रभ करते, परंतु झालेली मोडतोड ती दुरुस्त करू शकत नाही. नवी टोके वाढायला दिवस लागतात, कधी कधी आठवडेही. तोवर रुग्णाच्या वतीने यंत्राने श्वास घ्यायचा, एवढाच मार्ग उरतो. मण्यारीचा दंश बहुधा दुखत नाही, खूणही नीट दिसत नाही. पहाटे पोटात दुखू लागले किंवा डोळे उघडेनात, तेव्हा घरच्यांच्या लक्षात येते आणि तोपर्यंत काही तास निघून गेलेले असतात. आपल्या गावातील तरुण व्हेंटिलेटरवर गेला एवढ्यावरून लस निकृष्ट होती असे अजिबात म्हणता येत नाही.

घोणशीच्या रुग्णात लसीचा परिणाम डोळ्यांना दिसतो. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग नळी तिरपी करून पाहायचे, ही साधी चाचणी कोणत्याही ग्रामीण रुग्णालयात करता येते. रक्त पातळच राहिले तर लस सुरू करायची आणि सुमारे सहा तासांनी पुन्हा तपासायचे, कारण विष निष्प्रभ झाले तरी रक्त गोठवणारे घटक यकृताला नव्याने तयार करावे लागतात. घोड्याच्या प्रथिनांची तीव्र ॲलर्जी उद्भवू शकते, हा धोका खरा आहे आणि त्यासाठी अॅड्रेनॅलिन हे ॲलर्जीवरचे इंजेक्शन भरून जवळ ठेवावेच लागते. तरीसुद्धा आज रुग्ण वाचतात ते याच लसीमुळे.

मे २०२५ च्या बातमीत प्रतिपिंडांसोबत ज्या औषधाचा उल्लेख आहे, ते व्हॅरेस्प्लॅडिब माझ्या दृष्टीने प्रतिपिंडांपेक्षाही लक्ष ठेवण्याजोगे आहे. हृदयविकारासाठी ते तयार केले गेले होते आणि तिथे ते अपयशी ठरले. मण्यारीच्या विषातील तो घातक घटक आणि घोणशीच्या विषातील काही एन्झाइमे एकाच गटातील आहेत, आणि हे औषध त्याच गटाला अडवते. मुख्य म्हणजे ते तोंडाने घेता येते. भारत आणि अमेरिकेतील रुग्णांवर त्याची चाचणी झाली. ठरवलेल्या मुख्य निकषावर त्याचा फायदा सिद्ध झाला नाही. ज्यांना ते दंशानंतर लवकर मिळाले, त्यांच्यात मात्र सुधारणेची चिन्हे दिसली. एवढ्यावरून उपचार ठरवता येत नाहीत, पण पुढील चाचणी व्हायला हवी, असे मला वाटते.

दुसऱ्या आजाराचे औषध विषावर वापरण्याची कल्पना महाराष्ट्राला नवीन नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणातील लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचे स्वस्त औषध वापरले आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने घटले. पुढे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्याच चाचणीत, नुसत्या प्राझोसिनपेक्षा प्राझोसिन आणि विंचवाच्या विषावरील लस मिळून रुग्ण लवकर बरे होतात असे आढळले. सर्पदंशातही लस आणि गोळी या दोहोंची जोडीच पुढे येईल असा माझा कयास आहे.

हिशेबी_अभियंता:

दोन्ही उत्तरे वाचून एक शंका आली. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या डेव्हिड बेकर यांना प्रथिनांच्या संगणकीय रचनेसाठी २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले आणि त्यांच्या गटाने जानेवारी २०२५ मध्ये सापाच्या विषावर चालणारी, निसर्गात अस्तित्वातच नसलेली प्रथिने जाहीर केली. संगणकावर हवे ते प्रथिन आखता येत असेल, तर घोणशीसाठीही तसेच का करू नये? दुसरे असे की आपल्या लसीसाठी लागणारे विष प्रामुख्याने तमिळनाडूतील इरुळा समाजाच्या सहकारी संस्थेकडून येते, असे मी वाचले आहे. विष जर प्रदेशागणिक बदलत असेल, तर महाराष्ट्रातील सापांचे विष वापरून इथल्यासाठी लस करणे हा अधिक जवळचा मार्ग नाही का?

जैवरसायन_पुणे:

संगणकाने आखलेल्या त्या प्रथिनांचे गुण आकर्षक आहेत. ती लहान आहेत, उष्णतेत टिकतात आणि सूक्ष्मजीवांकडून तयार करून घेता येतात, त्यामुळे घोड्यांचे तबेले लागणार नाहीत. परंतु त्या प्रयोगात उंदरांना वाचवले गेले ते नागकुळातील वेगळे काढलेल्या एकेका विषघटकापासून. पेशींची हानी करणाऱ्या घटकाची चाचणी तर केवळ पेशींवर झाली. घोणशीच्या संपूर्ण विषासाठी अशी बरीच प्रथिने एकत्र करावी लागतील आणि प्रत्येकाची सुरक्षितता स्वतंत्रपणे सिद्ध करावी लागेल.

प्रादेशिक लसीबाबत मी आपल्याशी सहमत आहे. त्यासाठी कोणत्याही नव्या शोधाची गरज नाही. निरनिराळ्या प्रदेशांतील विष रीतसर गोळा करून ते घोड्यांना देण्याच्या मिश्रणात घातले, तर जुन्याच पद्धतीने अधिक चांगली लस मिळेल. आम्हा संशोधकांना नव्या प्रतिपिंडांचे आकर्षण जास्त असते, हे खरे असले तरी मला हे काम अधिक निकडीचे वाटते.

तालुका_डॉक्टर:

प्रादेशिक लसीला माझाही पाठिंबा आहे. फक्त उंदरांवरील आकड्यांविषयी एक सावधगिरी सुचवतो. लसीच्या प्रमाणित चाचणीत विष आणि लस आधी नळीत एकत्र मिसळून अर्धा तास ठेवतात आणि नंतर ते मिश्रण उंदराला टोचतात. नव्या अभ्यासांपैकी काहींत विष दिल्यानंतर काही मिनिटांनी औषध दिले गेले, ही प्रगतीच आहे. माझा रुग्ण मात्र मांत्रिकाकडे जाऊन, मग दुचाकीवरून दोन-तीन तासांनी पोहोचतो.

शिवारवाट:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. त्या तरुणाच्या घरी जाऊन मण्यारीच्या विषाबद्दल मी समजावून सांगेन. शाळेत पालकांची सभा आहे. तिथे आणखी काय सांगावे, डॉक्टर?

तालुका_डॉक्टर:

चावलेल्या जागी चिरा देऊ नयेत, करकचून दोरी बांधू नये, अवयव हलू न देता रुग्णाला आडवे झोपवून आणावे. साप मारून आणण्याची गरज नाही, कारण आपल्याकडील लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांसाठी एकच असते. जमिनीवर झोपणाऱ्यांनी मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून झोपावे. मण्यारीपासून त्याइतका स्वस्त बचाव दुसरा नाही. याशिवाय जवळच्या कोणत्या केंद्रात रात्री लस आणि ती देणारा डॉक्टर दोन्ही उपलब्ध असतात, याची चौकशी पावसाळ्यापूर्वीच करून तो दूरध्वनी क्रमांक शाळेच्या फलकावर लिहून ठेवा. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सर्पदंश हा अनिवार्यपणे कळवण्याचा आजार म्हणून जाहीर करावा असे सर्व राज्यांना कळवले आहे, तेव्हा त्या तरुणाच्या दंशाची नोंद आपल्या आरोग्य केंद्रात झाली आहे का, हेही सभेपूर्वी विचारून घ्या.