गावरान कोंबड्यांना आयबीची लस कुठली द्यावी? (बजेट १५०० रु.)

घरामागचं_खुराडं: गावरान आणि कावेरी (सुधारित जात) मिळून १५० पक्षी आहेत. रात्री खुराड्यात घरघर, शिंका. अंडी निम्म्यावर आलीत, त्यातही कवच सुरकुतलेलं, फोडलं की पांढरं पाण्यासारखं पसरतं. पशुवैद्यक म्हणाले, आयबी वाटतोय, इन्फेक्शस ब्राँकायटिस. लस सुचवा, १५०० च्या आत.

शेडवाले_अण्णा: १५०० त काय होतंय! आमच्या १०,००० च्या शेडला फॉगर, म्हणजे धुक्यासारखा फवारा मारणारं यंत्र, बसवलाय. शिंक ऐकायला मिळत नाही. आधी फॉगर घ्या.

माईंची_अंडी: आम्ही नुसती लसोटा देतो. कधी काही झालं नाही.

पशुसखा: माई, लसोटा राणीखेतची, म्हणजे मानमोडीची. आयबी हा कोंबड्यांचा कोरोना, त्याला एच१२० किंवा मा५ लागते. दोन्ही रोगांची एकत्र लसही मिळते.

रविवार_रस्सा: कोरोना?? मग चिकन बंद करायचं का?

शेडवाले_अण्णा: बास! २०२० ला याच अफवेने आम्ही पक्षी मातीमोल विकले.

पशुसखा: हा माणसाला होत नाही. कोविडचा विषाणू बीटा गटातला, हा गॅमा. अमेरिकेत नॉर्थ डकोटातल्या पिल्लांमधली याची नोंद १९३१ ची आहे.

नंदुरबारी: काही होत नाही कसं? २००६ ला नवापुरात लाखो कोंबड्या मारल्या.

पशुसखा: तो बर्ड फ्लू, दादा. विषाणूच वेगळा.

माईंची_अंडी: लसोटाच द्या. आणि पाण्यात हळद-लसूण.

तलंग_उत्पादक: मी पाण्यातून अँटिबायोटिक दिलं, बिल बजेटच्या दुप्पट झालं, घरघर तशीच. विषाणूवर ते चालत नाही, मागून ई. कोलायसारखा जिवाणू शिरला तरच उपयोग. आणि आता आजारी पक्ष्यांना लस देऊन काय मिळणार? पुढच्या पिल्लांना पहिल्या आठवड्यात डोळ्यात थेंब द्या, नंतर बूस्टर. कोवळ्या वयात लागण झाली तर बीजनलिका कायमची खराब होते. तलंग, म्हणजे अंड्यावर येणारी कोवळी कोंबडी, दिसायला टवटवीत, तुरा लाल, दाणे खाते, अंडं मात्र शून्य. माझ्याकडे अशा बऱ्याच निघाल्या.

पशुसखा: बरोबर. कुपी बहुधा १००० डोसची येते आणि विरघळवली की तास-दोन तासांत संपवावी लागते. आसपासच्या चार-पाच जणांनी मिळून घ्या. आणायची बर्फातून. पाण्यातून देणार असाल तर क्लोरीनचं नळाचं पाणी नको, थोडी साय काढलेल्या दुधाची पावडर घाला. विषाणूचे प्रकार अनेक आहेत, एकच लस सगळ्यांवर पुरत नाही. खात्री हवी तर पुण्यात औंधच्या रोग अन्वेषण विभागात नमुने पाठवा.

शेडवाले_अण्णा: फॉगरचं कुणी बोलतच नाही.

नंदुरबारी: बाहेरचे अंड्यांचे ट्रे आत आणता का? तिथूनच येतं.

घरामागचं_खुराडं: सगळ्यांचे आभार. आमच्या गल्लीत कुपी वाटून घ्यायला कुणी तयार नाही. घरघर थांबली की सगळे पक्षी आखाडात विकतो आणि शेळ्या घेतो.

पशुसखा: शेळ्यांना पीपीआर या साथीच्या रोगाची लस लागते. कुपी तिचीही मोठीच येते.