बायोस्टॅटिस्टिक्स: सीआरओ की सार्वजनिक आरोग्य? सल्ला हवा आहे

मृण्मयी_के
नमस्कार. एम.एस्सी. संख्याशास्त्राचं शेवटचं सत्र चालू आहे. क्लिनिकल ट्रायलकडे (म्हणजे सीआरओ, औषध कंपन्यांसाठी ट्रायल चालवणाऱ्या संस्था) वळावं की सार्वजनिक आरोग्य संशोधनाकडे, हे ठरत नाहीये. डेटा विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरपैकी आर बऱ्यापैकी येतं, सॅस अजिबात नाही. 'क्लिनिकल सॅस'च्या सहा महिन्यांच्या क्लासची फी ८०,००० रुपये सांगितली आहे. भरावी का? आणि पहिल्या नोकरीत नक्की काय काम असतं?

छेदस्थान
फी आत्ता भरू नका. सॅस ऑनडिमांड फॉर अकॅडेमिक्स ब्राउझरमध्ये फुकट चालतं. डेटा स्टेप, प्रोक एसक्यूएल आणि मॅक्रो एवढं त्यावर घरी बसून होतं.

सीआरओमधली पहिली नोकरी बहुधा स्टॅटिस्टिकल प्रोग्रॅमरची असते. कच्च्या डेटावरून एसडीटीएम (ठरावीक साच्यात मांडलेला डेटा), त्यावरून अ‍ॅडॅम (विश्लेषणासाठी तयार केलेला डेटा), त्यावरून टेबलं, लिस्टिंग आणि फिगर. हे साचे ठरवणाऱ्या सीडिस्क संस्थेचा पायलट डेटा खुला आहे, अल्झायमरच्या एका ट्रायलचा. त्यावर तीनच गोष्टी करा, पण पूर्ण करा: एडीएसएल (दर रुग्णामागे एकच ओळ), एडीएई (प्रतिकूल घटनांचा डेटा), आणि प्रतिकूल घटनांचं एक टेबल.

त्या टेबलात छेद चुकतो. एका रुग्णाला तीनदा उलटी झाली तरी रुग्णसंख्येच्या रकान्यात तो एकदाच मोजायचा. छेदात त्या गटातले सेफ्टी सेटमधले सगळे रुग्ण, म्हणजे किमान एक डोस घेतलेले. ज्यांना काही त्रास झाला तेवढेच छेदात घेतले की टक्केवारी फुगते.

आरमधून येणाऱ्यांसाठी एक धोका: सॅस रिकाम्या आकड्याला कुठल्याही संख्येपेक्षा लहान धरतं. 'वय १८ पेक्षा कमी' अशी अट लिहिली की वय न नोंदलेला रुग्णही अल्पवयीन ठरतो. आर तिथे एनए (माहिती नाही) देतं, सॅस गप्प राहतं. रिकामं नाही ही अट आधी लावायची सवय करा.

निर्मला_देवनार
सार्वजनिक आरोग्याची बाजू. पुण्या-मुंबईत संशोधन संस्थांच्या प्रकल्पांत जागा निघतात, वैद्यकीय महाविद्यालयांच्या पीएसएम (सामाजिक वैद्यकशास्त्र) विभागातही संख्याशास्त्रज्ञ लागतो. प्रकल्पातल्या जागा बहुतेक कंत्राटी. मुलाखतीत मुदत किती, वाढ कशावर अवलंबून आणि शोधनिबंधात नाव येणार का, हे स्पष्ट विचारून घ्या.

इथे सर्वेक्षणाचा डेटा हाताळता आला पाहिजे. एनएफएचएस (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण) घ्या, त्याची मध्यवर्ती संस्था देवनारची आयआयपीएस, लोकसंख्या अभ्यासाची संस्था. वजनाचा (शरीराचं नव्हे, नमुन्यातली एक व्यक्ती किती जणांच्या जागी धरायची ते) रकाना व्ही००५, तो १० लाखांनी भागायचा. घरगुती हिंसेच्या प्रश्नांना डी००५ हे वेगळं वजन, कारण ते प्रश्न एका घरातल्या एकाच निवडलेल्या स्त्रीला विचारतात. आरच्या सर्व्हे पॅकेजमध्ये वजन, पीएसयू (आधी निवडलेली गावं किंवा वस्त्या) आणि स्तर (निवडीआधी केलेले विभाग) तिन्ही द्या. आणि आधी अख्ख्या डेटाचं डिझाइन बांधा, मग त्यातून हवा तो गट काढा. डेटा आधीच गाळून डिझाइन बांधलं तर टक्केवारी तीच येते, पण प्रमाणत्रुटी (अंदाज किती इकडेतिकडे होऊ शकतो त्याचं माप) चुकू शकते. टक्केवारी जुळली म्हणून कुणी पुढे तपासत नाही, तिथेच घात होतो.

मृण्मयी_के
खूप आभार दोघांचे. मुलाखतीत सॅम्पल साइज हाताने काढायला लावतात का?

छेदस्थान
लावतात, आणि लावावंच. नमुना म्हणून हे करून बघा. जुन्या उपचारात गुंतागुंत ३० टक्के, नव्यात २० टक्के अपेक्षित. पॉवर (खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता) ८० टक्के, दुहेरी ५ टक्के सार्थकता पातळी. पातळीसाठी १.९६ अधिक पॉवरसाठी ०.८४ म्हणजे २.८, वर्ग ७.८४. त्याला (०.३ × ०.७ + ०.२ × ०.८) म्हणजे ०.३७ ने गुणा, ०.१ च्या वर्गाने भागा. २९०.०८, म्हणजे दर गटात २९१. गळती १० टक्के धरली तर २९१ ला ०.९ ने भागायचं: ३२४. बरेच जण १.१ ने गुणून ३२१ वर थांबतात. ३२१ मधून १० टक्के गळले की २८९ उरतात, २९१ नाही.

पुढचा प्रश्न हमखास येतो: ३० आणि २० कुठून आणले? ३० ला आधीचा अभ्यास दाखवा. १० टक्क्यांचा फरक मात्र डॉक्टरांच्या दृष्टीने उपचार बदलण्याइतका मोठा आहे का, हे सांगता आलं पाहिजे. हाताशी असलेल्या रुग्णसंख्येत बसावा म्हणून फरक फुगवणं हा या कामातला सर्वांत वाईट प्रकार आहे. त्यातून रुग्णांना धोका पत्करायला लावून काहीच न सांगणारी ट्रायल उभी राहते.

सरावासाठी सीटीआरआय, म्हणजे भारतातल्या ट्रायलची खुली नोंदवही, उघडा. १ एप्रिल २०१८ पासून तिथे पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंदणी करावी लागते, त्यामुळे मुख्य निष्कर्षमापक आणि रुग्णसंख्या आधी लिहिलेली सापडते. दहा नोंदी निवडा आणि ती संख्या कुठल्या गृहीतकांतून आली असेल ते मागे जाऊन काढा.

निर्मला_देवनार
समूह ट्रायल (माणसांऐवजी अख्खी गावं गटांत वाटलेली) असेल तर डिझाइन इफेक्ट, म्हणजे नमुना किती पट करायचा तो आकडा, विसरू नका. गावागणिक २१ माणसं आणि आयसीसी (एका गावातली माणसं एकमेकांसारखी असण्याचं माप) ०.०५ असेल तर १ + २० × ०.०५ = २, म्हणजे नमुना थेट दुप्पट. गावं वाढवणं महाग पडतं म्हणून प्रत्येक गावातली माणसं वाढवायचा आग्रह होतो, पण त्याने पॉवर फारशी वाढत नाही. कागदावर दोन्ही पर्यायांचे आकडे शेजारी मांडून दाखवा, मुख्य संशोधकाला ते पटतं.