गुडघ्याच्या मॉडेलमधला सेन्सर आकडा धरत नाही – मदत हवी आहे

तोलकाटा:

नमस्कार मंडळी. फोंड्यात माझं इलेक्ट्रॉनिक वजनकाटे दुरुस्त करायचं दुकान आहे. मासळी बाजारातले काटे, कुंडईच्या कारखान्यांतले प्लॅटफॉर्म काटे, पंधरा वर्षं हेच करतोय. लोड सेल, म्हणजे काट्यातला भार मोजणारा धातूचा सेन्सर, मला कळतो. या वेळी अडलोय तो कागदासारख्या पातळ सेन्सरवर.

लेक फर्मागुडीला इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टचा विषय तिनं आजीमुळे घेतला. आईच्या उजव्या गुडघ्याचा सांधा गेल्या वर्षी बदलला. सपाटीवर छान चालते, पण घराच्या सात पायऱ्या उतरताना कठडा धरते आणि म्हणते, "आतल्या बाजूला जड पडतं रे." लेकीनं विचारलं, बाबा, आतल्या बाजूला किती आणि बाहेरच्या बाजूला किती, हे किलोत सांगता येईल का? तेव्हापासून आम्ही दोघं याच्या मागे आहोत.

मांडणी अशी: थ्रीडी प्रिंट केलेलं मांडीच्या हाडाचं टोक, त्याखाली प्लास्टिकची चकती, त्याखाली लोखंडी थाळी. चकती आणि थाळी यांच्यामध्ये दोन बाजूंना फ्लेक्सिफोर्स कंपनीचे, दाब मोजणारे ते पातळ सेन्सर, प्रत्येकी ४४५ न्यूटनचा (साधारण ४५ किलो). प्रत्येकाला एक साधा रेझिस्टर लावून व्होल्टेज आर्डुइनोला (आकडे वाचणाऱ्या छोट्या कंट्रोलर बोर्डाला) दिलंय. वर दुकानातलं मुद्रांकित २० किलोचं वजन.

दोन्ही सेन्सरची बेरीज येते १३.८ किलो. उरलेले सहा किलो जातात कुठे? आणि कोणी हातही न लावता आकडा चढतो. १३.८, मग १४.१, चहा पिऊन येईपर्यंत १४.५. वजन काढलं की लगेच शून्यावरही येत नाही. पावसाळ्यात काट्यांच्या जंक्शन बॉक्समध्ये ओल शिरली की आकडे असेच भटकतात, म्हणून पहिला संशय ओलीवर घेतला. सोल्डर नवं केलं, केबल बदलली, सगळं सिलिका जेलच्या पुड्यांसकट डब्यात बंद केलं. फरक शून्य.

चवथ (गणेश चतुर्थी) झाली की प्रोजेक्ट दाखवायचाय. कोणी हे सेन्सर वापरलेत का?

मांडवीकाठ:

काका, सहा किलो चकतीच्या कडांवरून थेट थाळीत उतरतायत. या सेन्सरचा मोजणारा गोल फक्त ९.५३ मिलिमीटर व्यासाचा आहे, बाकीची पट्टी नुसती वायर समजा. लोड सेलमधून भार जाण्यावाचून वाट नसते, इथे मात्र वाटाच वाटा आहेत. एक करून बघा: वजन ठेवलेलं असताना चकती आणि थाळी यांच्या फटीत पोस्टकार्डाची पट्टी सरकवा. जिथे अडकेल तिथून भार पळतोय.

उपाय म्हणजे प्रत्येक गोलावर कडक अ‍ॅक्रिलिकची ८ मिलिमीटरची टिकली. गोलापेक्षा किंचित लहान, बाहेर जायला नको. दोन टिकल्यांवर चकती डुगडुगेल, म्हणून मागे तिसरा सेन्सर आणि तिसरी टिकली द्या. तुमच्या प्लॅटफॉर्म काट्याचे पाय आठवा, तसंच.

पुणेरी_सर्किट:

चढणाऱ्या आकड्याचं उत्तर सेन्सरच्या माहितीपत्रकातच आहे. स्थिर भाराखाली आकडा वेळेच्या लॉगॅरिदमनुसार सरकतो, दर दसपटीला ५ टक्क्यांपर्यंत. म्हणजे १० ते १०० सेकंदांत जेवढा सरकेल, साधारण तेवढाच १०० ते १००० सेकंदांत. तुमचा १३.८ चा १४.५ झाला तो याच मर्यादेत आहे. सेन्सर खराब नाही, त्यातली दाब ओळखणारी शाईच तशी आहे. वाचन नेहमी ठरलेल्या सेकंदाला घ्या, समजा तिसाव्या, आणि कॅलिब्रेशनही त्याच सेकंदाला. त्याआधी कमाल भाराच्या थोडं वर वजन चार-पाच वेळा ठेवून काढा. सेन्सर असा रुळवला की बराच सुधारतो.

दुसरी गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण तीच मला जास्त खुपतेय. भाराच्या सरळ प्रमाणात बदलतो तो या सेन्सरचा कंडक्टन्स (वीज किती सहज वाहते ते, रेझिस्टन्सच्या उलट), रेझिस्टन्स नाही. तुमच्यासारख्या एका रेझिस्टरच्या डिव्हायडरनं (व्होल्टेज वाटणाऱ्या जोडणीनं) वक्ररेषा मिळते, त्यामुळे ५ आणि १० किलोवर जुळवलेलं २० ला चुकणारच. इन्व्हर्टिंग ऑप-अ‍ॅम्प (सिग्नल वाढवणारी चिप) लावा, आउटपुट सरळ रेषेत येईल. आणि पीझोइलेक्ट्रिक, म्हणजे दाबलं की चार्ज तयार करणाऱ्या, सेन्सरच्या वाटेला जाऊ नका. स्थिर वजनाखाली त्याचा चार्ज गळून जातो. पाऊल आपटलं तेवढं तो सांगेल, उभं राहिलेलं नाही.

सांधेताई:

मी ऑर्थोपेडिक्सच्या रुग्णांबरोबर काम करते, म्हणून वेगळ्या बाजूनं लिहिते. लेकीचा प्रश्न फार चांगला आहे, पण त्यात दोन प्रश्न मिसळलेत.

ऑपरेशन टेबलावर रुग्ण भुलीखाली असतो, स्नायू सैल असतात. तिथे सर्जनला बघायचं असतं ते लिगामेंटचा (हाडं जोडून धरणाऱ्या पट्ट्यांचा) ताण दोन्ही बाजूंना सारखा आहे का. त्यासाठी व्हेरासेन्स नावाची सेन्सरवाली चाचणीची चकती निघाली. ती तात्पुरती बसवायची, दोन बाजूंचे आकडे बघायचे, काढून टाकायची आणि मग खरी चकती घालायची. त्यात दोन बाजूंमधला फरक १५ पौंडांच्या आत, म्हणजे जवळपास ७ किलोच्या आत असला की सांधा समतोल धरतात. तुमचं २० किलोचं वजन या कामाला अगदी योग्य.

पायऱ्या उतरणं ही वेगळीच गोष्ट. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात बर्गमन यांच्या संशोधक गटानं स्ट्रेन गेज (ताण मोजणाऱ्या बारीक पट्ट्या) बसवलेले कृत्रिम सांधे रुग्णांत कायमचे घातले. आत बॅटरी नाही, बाहेरच्या कॉइलमधून वीज मिळते आणि आकडे रेडिओनं बाहेर येतात. गुडघ्यावर चालताना शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट आणि पायऱ्या उतरताना साडेतीन पटीच्या आसपास भार दिसला. ६० किलोच्या बाईच्या गुडघ्यावर दर पायरीला २०० किलो! बहुतेक भार स्नायूंच्या ओढीचा असतो. ही मोजमापं ऑर्थोलोड या वेबसाइटवर सगळ्यांना खुली आहेत, लेकीला जरूर दाखवा.

मात्र मॉडेलच्या आकड्यांवरून आजींच्या गुडघ्याचं निदान करू नका. वर्षभरानंतरही उतरताना एकाच बाजूला जड पडत असेल तर सर्जनला दाखवा, उभं राहून एक्स-रे काढतील, मांडीच्या स्नायूंची ताकद तपासतील.

तोलकाटा:

तिघांचे मनापासून आभार. पोस्टकार्ड बाहेरच्या कडेला दोन ठिकाणी अडकलं. तीन टिकल्या लावून तिसाव्या सेकंदाला वाचलं: १९.६. लेक ओरडलीच! ऑप-अ‍ॅम्पचं सर्किट आज रात्री जोडतो.

आईला सोमवारी डॉक्टरांकडे नेतोय. तिला २०० किलोचा आकडा सांगितला, तर म्हणाली, "मग मी काय उगाच कठडा धरते?"

एकच अडचण उरली. टिकल्या दुहेरी टेपनं चिकटवल्यात, पण या दमट हवेत दोन दिवसांत सरकतात. आणि त्या सरकल्या की सगळं कॅलिब्रेशन जातं.

मांडवीकाठ:

टेप काढून टाका. पातळ प्लास्टिकच्या पट्टीला ८ मिलिमीटरहून जरा मोठी तीन भोकं पाडा, पट्टी थाळीला स्क्रूनं बसवा आणि टिकल्या भोकांत सैल सोडा. पट्टीची जाडी टिकलीच्या निम्मीच ठेवा, नाहीतर भार पुन्हा तिच्यावर जाईल.