परत आलेल्या जोडप्यांचा अभ्यास करायचाय, पण कशावरून?

गोदाकाठची:
कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशक म्हणून ११ वर्षं झाली. जिल्ह्याचं ठिकाण. आम्ही दोघी, एक खोली, मधे प्लायवूड. पलीकडे कुणाची बायको रडायला लागली की अलीकडचा नवरा बोलायचा थांबतो, इतकं ते पातळ.

मागच्या महिन्यात एक जोडपं घटस्फोटाच्या अर्जावर आलं. २०१९ मध्ये माझ्याच टेबलावर पेढे ठेवून नांदायला गेलेलं. बाई म्हणाली, "मॅडम, तेव्हा सासूबद्दल सगळं विचारलंत. ह्यांच्या कर्जाबद्दल एकदाही नाही." खरंच नव्हतं विचारलं. जुनी नस्ती काढली, तर माझा मेमो: "उभय पक्षांत समझोता झाला." चार शब्द. बैठका सहा झाल्या होत्या.

आपल्यापुढे बोललेलं गोपनीय आणि न्यायालयाला फक्त निष्पत्ती कळवायची, हा नियम मला मान्य आहे. त्याशिवाय कोण मोकळं बोलेल? पण मग माझी चूक मला कळणार कुठून? नवीन सहकारी मुलगी दोन दिवस माझ्याशेजारी बसली आणि तिसऱ्या दिवसापासून एकटी. प्रशिक्षण म्हणाल तर एक शिबिर झालं, त्यात अर्धा दिवस सत्कारात गेला.

समझोता होऊन परत आलेल्या प्रकरणांचा अभ्यास करायचा आहे. माझ्याकडे ११ वर्षांच्या खाजगी वह्या आहेत. प्रधान न्यायाधीश म्हणाले, "प्रस्ताव आणा, बघू." प्रस्तावात काय लिहू?

निवृत्त आजी:
१९८४ चा कायदा झाला तरी पुण्या-मुंबईत कौटुंबिक न्यायालयं उभी राहायला १९८९ उजाडलं. मी त्यानंतर थोड्याच वर्षांनी लागले. शिकवायला कुणीच नव्हतं, म्हणून आम्हीच दर शुक्रवारी चार ते पाच बसायचो. एक प्रकरण, एकच प्रश्न: मी काय विचारलं नाही? "मी किती छान हाताळलं" असं कुणी सुरू केलं की चहा तिच्याकडून. हसू नका, त्यानेच सवय मोडली.

तिथे न्यायाधीशांना बोलवू नका, कितीही चांगले असले तरी. प्रकरण त्यांच्यासमोरच चालायचं असतं. आणि नुसतं नाव झाकून भागत नाही. तालुक्यात पोल्ट्रीवाला जावई एकच असतो. गाव, धंदा, मुलांची संख्या, सगळं बदला.

काळा कोट:
मॅडम, वह्यांचं वाचून धस्स झालं. मुलाच्या ताब्याच्या वादात समुपदेशकाचा अहवाल न्यायालय विचारात घेऊ शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने पेरी कंसाग्रा प्रकरणात २०१९ ला सांगितलंय. तिथे मुलाचं हित गोपनीयतेच्या वर धरलं. तेव्हा समझोत्याच्या बैठकी आणि ताब्याच्या अहवालासाठीच्या भेटी एकाच वहीत लिहीत असाल तर आजच वेगळ्या करा. मी समोरच्या बाजूचा वकील असतो तर पहिला अर्ज त्या वहीसाठीच दिला असता.

आणि पेढे, साल, कर्ज हे इथे उघड्यावर लिहिलंत, तेही जरा जास्तच झालं.

एमएसडब्ल्यूचा मास्तर:
वह्या बाजूला ठेवा. लोक तुमच्याशी बोलले ते न्यायालयाने पाठवलं म्हणून, तुमच्या अभ्यासासाठी नव्हे.

सुरुवात न्यायालयाच्या नोंदवहीतून करा: पहिला अर्ज कधी, निकाली कधी, दुसरा किती महिन्यांनी, पोटगी मागितली होती का, मुलं किती. कुणाची खाजगी गोष्ट न उघडता एवढं हाती लागतं. अर्ज नेमके कितव्या महिन्यात परततात हे दिसलं तरी पुढची विचारपूस कधी करायची ते ठरवता येईल. हे प्रस्तावात पहिल्या पानावर घ्या आणि प्रधान न्यायाधीशांमार्फत उच्च न्यायालयाकडे पाठवा.

मुलाखती दुसऱ्या टप्प्यात, प्रकरण निकाली निघाल्यावर. लेखी संमती घ्या, पण ती तुम्ही घेऊ नका. ज्या मॅडमच्या मेमोवर आपली केस अवलंबून आहे असं वाटतं, त्यांना "नाही" कोण म्हणेल? जवळच्या समाजकार्य महाविद्यालयाला सोबत घ्या. त्यांच्या नैतिकता समितीपुढे प्रस्ताव गेला की कच्चे दुवे आधीच निघतील.

गोदाकाठची:
वकीलसाहेब, साल आणि पेढे दोन्ही बदललेले आहेत. तेवढं आजींच्या पिढीकडून शिकलेय. वह्या मात्र खरंच एकत्र होत्या. काल वेगळ्या केल्या.

मास्तर, नोंदवहीचं पटलं. प्रस्ताव दोन पानी करतेय, मुलाखतींचा भाग सध्या काढून टाकलाय.

शुक्रवारी आम्ही दोघीच बसलो, प्लायवूडच्या एकाच बाजूला. न विचारलेल्या प्रश्नांची यादी १४ वर गेली. पहिला माझा, कर्जाचा. दुसरा त्या नव्या मुलीचा: एका खोलीत सहा माणसं, तर हे दोघं झोपतात कुठे? ११ वर्षांत मला हा सुचला नव्हता. चहा मीच पाजला.