मानेत ७०% ब्लॉक निघाला की लगेच स्टेंट? जरा दमानं घ्या

कृष्णाकाठ: परवा इथं कुणीतरी टाकलं, "मानेच्या नसेत ७०% ब्लॉक म्हणजे टाइमबॉम्ब, आजच्या आज स्टेंट टाका." ते वाचून आमच्या घरात कुणाला धड झोप नाही. आबा ७६ वर्षांचे. शिबिरात डॉपलर (नसेतला रक्तप्रवाह बघायची सोनोग्राफी) केला, ७०% ब्लॉक निघाला. त्रास काडीचा नाही. मानेची नस स्टेंटनं मोकळी करावी की ऑपरेशननं उघडून साफ करावी, हे ताडणाऱ्या २०१० च्या क्रेस्ट अभ्यासात स्टेंटवाल्यांना सुरुवातीला पॅरालिसिसचे झटके जास्त आले, ऑपरेशनवाल्यांना हार्ट अटॅक जास्त. सत्तरीपुढं तर ऑपरेशनच सरस ठरलं. मग ही घाई कुणाच्या सोयीची?

मिरजवाला: अभ्यास तुमच्याकडंच ठेवा. आमच्या वडिलांच्या डाव्या डोळ्यापुढं दाढी करताना पडदा आला. पाच मिनिटांत गेला. आम्ही पित्त समजून लिंबूपाणी दिलं! नवव्या दिवशी उजवा हात लुळा, वाचा बंद. तेव्हा कुणी "स्टेंट टाका" म्हटलं असतं तर पाय धरले असते त्याचे.

कृष्णाकाठ: वाईट झालं, दादा. पण डोळ्यापुढचा तो पडदा हेच तर मानेतल्या ब्लॉकचं लक्षण. तिथं दोन आठवड्यांच्या आत नस मोकळी करायला हवी, त्यावर माझं दुमत नाहीच. आबांना तसलं काही झालेलं नाही.

घाटमाथा: काहीही करा, पण पुण्याला न्या. इथं नको.

मिरजवाला: आलं पुण्याचं कौतुक! मिशनरी डॉक्टर वॉनलेसांनी १८९४ साली मिरजेत दवाखाना काढला. आजही अर्धं उत्तर कर्नाटक इकडं येतं. अन् तुम्ही पेशंट घेऊन खंबाटकी घाटात ट्रकमागं बसा.

घाटमाथा: १८९४ ला स्टेंट होता का?

मिरजवाला: तुमच्या पुण्यात होता का?

घाटमाथा: भावाला नेलं होतं, म्हणून बोलतोय. इथल्यांनी तीन दिवस नुसतं सलाइन लावलं.

हळदपेठ: भांडा निवांत. गाव कुठलंही असो, डॉक्टरला विचारा, मानेतले किती केलेत? हृदयातले हजार केले म्हणून मानेतला जमतोच असं नाही. तार फिरवताना खपली सुटली की थेट मेंदूत. त्यासाठी छत्रीसारखी जाळी लावतात, तरी बारीक कण निसटतात.

मिरजवाला: बरं बाबा, आबांचं राहू दे. गोळ्या तरी चालू आहेत का? अन् तंबाखू?

कृष्णाकाठ: कोलेस्टेरॉलची, रक्त पातळ करायची, बीपीची, सगळ्या चालू. तंबाखू सोडली म्हणत होते. काल चंची हळदीच्या डब्यात सापडली.