व्हेगस नर्व्हला झटके दिले, गुण वाढले. पण भान आलं का?

अनिकेत_ज: फ्रान्समधल्या लिऑनची २०१७ची केस पुन्हा फिरतेय. अपघातानंतर १५ वर्षं व्हेजिटेटिव्ह स्टेटमध्ये, म्हणजे डोळे उघडे पण भान असल्याची खूण नाही अशा अवस्थेत असलेला ३५ वर्षांचा माणूस. छातीत विजेचे झटके देणारं यंत्र, तिथून मानेतल्या व्हेगस नर्व्हपर्यंत (मेंदूला शरीराशी जोडणारा एक मोठा मज्जातंतू) वायर. महिनाभरात तो नजरेने वस्तूचा माग काढू लागला, सांगितल्यावर डोकं वळवू लागला. लगेच मथळे: '१५ वर्षांनी शुद्धीवर!' प्रत्यक्षात, जाणिवेच्या खुणा तपासून गुण देण्याच्या एका ठरलेल्या तपासणीत २३ पैकी ५ गुणांचे १० झाले. व्हेगसचे सिग्नल ब्रेनस्टेममध्ये, म्हणजे मेंदूच्या बुंध्यात जातात, तिथून नॉरअ‍ॅड्रेनॅलिन हे मेंदूला जागं ठेवणारं रसायन वाढतं, म्हणजे जाग वाढते. जाग आणि भान एक नव्हे. त्यात रुग्ण एकच, तुलनेला कोणी नाही. अशा बातम्यांवर नातेवाईक घरदार विकायला निघतात.

मृण्मयी_फिजिओ: ही गुण देण्याची तपासणी कधी जवळून पाहिलीय का? रुग्णाच्या चेहऱ्यासमोर आरसा धरायचा आणि हळूहळू सरकवत न्यायचा. पेन, टॉर्च दाखवून डोळे हलत नाहीत, पण स्वतःचा चेहरा दिसला की मागे जातात, असे रुग्ण असतात. ही नुसती जाग नाही. आणि १५ वर्षांचा जुना रुग्ण मुद्दामच निवडला होता, आपोआप सुधारला असं कोणी म्हणू नये म्हणून. २००९च्या एका अभ्यासात, डॉक्टरांनी नुसतं पाहून 'व्हेजिटेटिव्ह' ठरवलेल्यांपैकी सुमारे ४० टक्क्यांमध्ये या तपासणीत जाणिवेच्या खुणा सापडल्या. गुणांना हसू नका.

अनिकेत_ज: हसत नाहीये. पण आरसा धरणाऱ्याच्या मनात आशा असतेच ना? मग मेंदूलाच विचारा. मेंदूशास्त्रज्ञ मासिमिनींच्या गटाने २०१३ मध्ये दाखवलेली पद्धत आहे: कवटीवरून चुंबकीय टिचकी मारायची आणि ईईजीवर (मेंदूतल्या विद्युत लहरींच्या आलेखावर) प्रतिसाद किती गुंतागुंतीचा उमटतो ते मोजायचं. गाढ झोपेत आकडा पडतो, जागेपणी चढतो. केटामाइन या भुलीच्या औषधाखाली माणूस निपचित असला तरी पडत नाही, कारण आत स्वप्नं चालू असतात. नंतर ०.३१ ही सीमारेषा ठरली: आकडा त्याच्या वर असेल तर भान आहे असं धरायचं. यंत्र लावण्याआधीचा आणि नंतरचा हा आकडा दाखवा, मी गप्प बसतो.

निरंजन७: आकडा खाली आला तर 'भान नाही' म्हणणार? २०२४ मध्ये, सूचना देऊनही बाहेरून काहीच प्रतिसाद न देणारे २४१ रुग्ण तपासले गेले. त्यांतल्या ६० जणांचा मेंदू 'टेनिस खेळताय अशी कल्पना करा' अशा धर्तीच्या सूचना स्कॅनमध्ये किंवा ईईजीवर पाळत होता. अशा चाचण्यांत काही धडधाकट माणसंही नापास होतात. यंत्र 'हो' म्हणालं तर विश्वास ठेवा, 'नाही' म्हणालं तर ठेवू नका. म्हणून उपचार करून बघावेतच. आता कानाच्या बाहेरच्या भागावरून व्हेगसला उत्तेजन देता येतं, शस्त्रक्रियाही नको.

अनिकेत_ज: 'करून बघा' हेच मला खटकतं. मेंदूला इजा झालेल्या अशा रुग्णांवरची अमँटाडीन या औषधाची २०१२ची ट्रायल आठवा: १८४ रुग्ण, निम्म्यांना खोटी गोळी, तेव्हा कुठे औषधाने सुधारणा लवकर होते हे पटलं. कानावरच्या यंत्रालाही तोच नियम. अर्ध्यांना यंत्र लावा, करंट देऊ नका, आणि तपासणाऱ्याला कळू देऊ नका कोणाला काय दिलंय.

मृण्मयी_फिजिओ: ट्रायल हवी, शंभर टक्के. पण तोवर शंकेचा फायदा रुग्णाला द्या. नळी बदलताना वेदनाशामक द्यायला, उशाशी उभं राहून 'याला काय कळतंय' असं न बोलायला कुठली ट्रायल लागते?